चार यंत्रांचे पाठभेद

आमच्या ऑफिसातली यंत्रं रोज संध्याकाळी तांबड्या फडक्यात बांधून ठेवली जात. फडकं सुती, धुवट, चारी टोकं आत वळवलेली, वरून सुतळीचा एक फेरा आणि त्यात खोचलेली कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच अक्षर असे: क, ख, ग किंवा घ. नवख्या माणसाला वाटायचं, इथे कुणाच्या तरी घराण्यातल्या पोथ्या सांभाळल्या आहेत. आत असायची व्हिडिओ गेम चालवणारी यंत्रं.

बांधणारे होते काका. नात्याने ते माझे कुणी लागत नव्हते, पण बनारसमध्ये मराठी बोलणारा वयस्क माणूस दिसला की आम्ही त्याला काका करून टाकायचो. ऑफिसचा मालक कपिलभैया त्यांना पंडितजी म्हणायचा, आणि गल्ली नुसतं गुरू. पण गल्ली सगळ्यांनाच गुरू म्हणते, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. मी एम.सी.ए. होऊन घरी बसले होते, तेवीस वर्षांची होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. कपिलभैया साड्यांच्या पेढीवाल्या घरातला धाकटा मुलगा. तो चार वर्षं परदेशात राहून आला होता आणि येताना सिंगापूरच्या एका कंपनीचं काम घेऊन आला होता. कंपनी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ बनवत होती. बाजारात जाण्याआधी तो आम्ही तपासायचा. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, पेढीच्या गोदामावर दोन खोल्या, एवढीच आमची कंपनी. माणसं तीन: कपिलभैया, मी आणि काका.

आता ही यंत्रं काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दुकानात मिळणारं गेमचं यंत्र फक्त कारखान्यात छापलेली चकती ओळखतं. खेळ तयार होत असताना छापील चकती कुठून आणणार? म्हणून खेळ बनवणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना वेगळी यंत्रं देतात. त्यांना डेव्हलपर किट म्हणायचं. आपण आपल्या कॉम्प्युटरवर लिहिलेली चकतीही त्यांत चालते. आमच्याकडे अशी तीन आली होती. एक नुसतं कार्ड होतं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, आणि त्याची मेमरी दुकानातल्या यंत्राच्या चौपट. दुसरा निळा डबा, तिसरा हिरवा डबा. या दोघांची मेमरी दुकानातल्या यंत्राइतकीच. चौथं होतं बाजारातलं साधं राखाडी यंत्र. छापील चकती आली की शेवटी त्यावर पाहायचं.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की सगळी किट एकसारखी समजावीत. काकांनी ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढला.

"समजावीत! कुणी तपासलं? अगं, एका हाताने एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पोथ्या एकसारख्या नसतात, आणि हे तर डब्यांचा रंगसुद्धा वेगळा ठेवतात."

पोथ्यांचं वेड घरचं. काकांचे वडील वैदिक होते आणि शिवाय जुनी हस्तलिखितं ताडून पाहायचे. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत कुठे शब्द वेगळा, कुठे ओळ गळलेली, ते टिपायचं. या फरकांना पाठभेद म्हणतात. काकांनी अठराव्या वर्षापर्यंत वेद म्हटला आणि मग एक दिवस घरातला रेडिओ उघडला. तो पुन्हा बंद करता आला, पण वेदाकडे काही परतता आलं नाही. पुढे तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत त्यांनी यंत्रं दुरुस्त केली आणि संध्याकाळी वडिलांसाठी पोथ्या ताडल्या. निवृत्तीला वेळ असतानाच तिथून बाहेर पडले, कारण नव्या साहेबाने म्हणे मीटरला टेकून चहाचा कप ठेवला होता.

तर काकांनी आमच्या यंत्रांची नोंदवही घातली. कार्ड बसवलेला कॉम्प्युटर म्हणजे क प्रत, निळा ख, हिरवा ग, राखाडी घ. लाल शाईत वर "पाठभेद" असं ठसठशीत. मी पोट धरून हसले होते. ते म्हणाले, "हस. पण हसताना डावीकडे समास सोड, तो लागेल."

किट उघडायची सक्त मनाई होती. स्क्रूवर कंपनीचं सील होतं. दुसरा कुणी असता तर रात्री गुपचूप उघडून बसला असता. काकांनी सीलकडे एकदा पाहून मान डोलावली, दोन्ही डबे पिशवीत घातले आणि मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी हलवायाकडे गेले. तिथे तराजूत एका पारड्यात निळा, दुसऱ्यात हिरवा. सकाळची कचौडीची गर्दी होती. हलवायाने झारा हातात तसाच धरून विचारलं, "का गुरू, ई कौन मिठाई हौ?"

"सिंगापुर का कलाकंद हौ," काका गंभीरपणे म्हणाले, आणि पारड्यात छोटी वजनं टाकत राहिले. हिरवा डबा निळ्यापेक्षा दीड छटाक हलका निघाला. रांगेतल्या दोघांनी भाव विचारला.

ऑफिसात येऊन त्यांनी दोन्ही डबे तासभर चालवले आणि वरून तळहात फिरवून कुठे किती गरम लागतं ते पाहिलं. निळा मागच्या उजव्या कोपऱ्यात तापायचा, हिरवा मधोमध. "म्हणजे आतली मांडणी बदलली आहे," त्यांनी जाहीर केलं. "काही भाग काढलेत, काही सरकवलेत. वरून भाऊ-भाऊ दिसतात, पण पोट वेगळं." नोंदवहीत त्यांनी लिहिलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं: वेगळा म्हणजे चुकीचा नव्हे. हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा डाळीत गूळ नव्हता म्हणून मी माझ्या आईच्या हातच्या आमटीबद्दल कुरकुरले, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं होतं.

चकती लिहिण्याचा त्यांचा सोहळा तर बघण्यासारखा. तेव्हा एक चकती लिहायला अर्धा तास लागायचा आणि मध्ये वीज गेली किंवा टेबल हाललं की ती बाद. काकांनी नियम काढला: चकती लिहिताना खोलीत मौन. चालायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. कपिलभैयाला फोन आला तर तो खाली गोदामात जाऊन घ्यायचा. त्याला घाई फार. तो कुरकुरला की काका म्हणत, "घाई असेल त्याने मुगलसरायला जाऊन उभं राहावं. तिथल्या गाड्यांना असते." बाद झालेल्या सोनेरी चकत्या ते गच्चीच्या कठड्याला दोऱ्याने टांगत. माकडं बिचकतील असा हिशेब होता. माकडं त्यात तोंड बघायची.

पण त्यांची खरी करामत बटणांची. कंपनीने तपासणीची यादी दिली होती: शर्यत सुरू करा, थांबवा, गाडी बदला, पुन्हा सुरू करा. पहिले चार आठवडे आम्ही ती इमानाने तपासली. मग काका म्हणाले, "हे सगळं सरळ वाचन झालं. सरळ वाचताना चूक लपते."

वेद पाठ करणारे चूक शिरू नये म्हणून शब्द उलटसुलट म्हणतात. त्यातला एक प्रकार घनपाठ. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून तसंच. काकांनी शब्दांच्या जागी बटणं घातली. पहिली पाळी क प्रतीची होती, तिथे काही अडलं नाही. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे गाडी बदल, तीन म्हणजे सुरू कर. मांडी घालून बसायचे, कंट्रोलर हातात, ओठांत आकडे, आणि मान त्या तालावर हलायची. पडद्यावरची लाल गाडी सुरू होत होती, थांबत होती, निळी होत होती, पुन्हा लाल होत होती.

"काका, कुणी शहाणा माणूस असं दाबेल का?"

"शहाण्यांसाठी काढलाय होय हा खेळ? बच्चे लोक खेळणार. ते याहून वाईट दाबतील."

आणि याच सुमारास ते झालं, ज्याने काकांची झोप उडाली.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारीच वीज गेली. बनारसची होळी म्हणजे नंतर दोन दिवस कुणी घराबाहेर पडायचं नाही, म्हणून आम्ही लवकर आवरलं. पोथी उघडी टाकून घरी जायचं नाही, हा काकांच्या घरचा नियम. त्यांनी चारही यंत्रं फडक्यांत बांधली. वीज नसल्यामुळे हिरव्याचा दिवा बंदच होता; त्याचं बटण मात्र चालूच राहिलं होतं, आणि वायर भिंतीत. आम्ही खाली उतरून घाटापर्यंत पोचलो नसू, तोवर वीज आली असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच दार उघडलं. तांबड्या फडक्याच्या आतून बारीक घुंघुं आवाज येत होता. हात लावला तर फडकं नुकती इस्त्री केल्यासारखं गरम. दोन दिवस आणि दोन रात्री हिरवा डबा त्या गाठोड्यात चालू होता.

काका आले. त्यांनी गाठ सोडली, बटण बंद केलं, आणि खाली बसले. गालावर अजून थोडा गुलाल होता. त्यांना एवढं गप्प मी फक्त चकती लिहितानाच पाहिलं होतं.

डबा थंड झाल्यावर लावला तर चालला. शर्यत सुरू झाली, गाड्या पळाल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच दुपारी काकांनी ठरल्याप्रमाणे हिरव्यावर घनपाठ सुरू केला आणि तिसऱ्या आवर्तनात, तीन-दोन-एक म्हणताना, पडदा गोठला. पुन्हा केलं, दुसऱ्याच आवर्तनात गोठला. दिवसभरात नऊ वेळा.

आम्ही ते सिंगापूरला कळवलं. तिथल्या लिम साहेबांचा फॅक्स दुसऱ्या दिवशी आला: हिरवं किट बिघडलेलं दिसतं, परत पाठवा; बाकीच्यांवर खेळ नीट चालत असेल तर शुक्रवारपर्यंत सही करून पास असा अहवाल द्या; खेळ छपाईला जायचा आहे. वर्षभराचं पुढचं काम या अहवालानंतर ठरेल.

कपिलभैयाचा चेहरा उजळला. "बस पंडितजी, साइन कर दीजिए। निळ्यावर ठीक चलता है ना?" तो आमच्याशी बोलताना मधूनच एखादा मराठी शब्द टाकायचा, विशेषतः काम काढून घ्यायचं असलं की.

"यादीप्रमाणे चलता है," काका म्हणाले. "घनपाठ त्यावर अजून झालेला नाही."

"शुक्रवार तक?"

"शुक्रवार तक."

त्या दोन दिवसांत मी काकांना जवळून पाहिलं. यंत्र बिघडलं की खेळ चुकला, हा सवाल कपिलभैयासाठी कामाचा होता. काकांसाठी तो वेगळाच होता. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करत आला होता, चहाच्या एका कपावरून नोकरी सोडून आला होता, आणि आता स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरच्या नियमाने त्याने परक्यांचं यंत्र भाजून काढलं असेल. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "मी त्याला मारलं असेल तर मी सही करायच्या लायकीचा नाही गं. पास म्हणूनही नाही आणि नापास म्हणूनही नाही." आवाज इतका हलका होता की मला रडू आलं. मी चिडून म्हटलं, "तुम्ही पण ना काका! तुमचंच वाक्य आहे, वेगळा म्हणजे चुकीचा नव्हे." ते म्हणाले, "ते मी तो भाजण्याआधी लिहिलं होतं."

बुधवारी निळ्यावर घनपाठाला बसलो. ते म्हणत होते, मी आवर्तनं टिपत होते. वीस झाली, काही नाही. संध्याकाळपर्यंत तीस. निळा खुशाल पळत होता. काकांनी गाठोडी बांधली, प्रत्येक बटण तीनदा पाहिलं, वायरी भिंतीतून काढल्या आणि गेले.

गुरुवारी दुपारी मी वहीत आडव्या रेघा मारत होते आणि खरं सांगायचं तर मनातून हरले होते. सेहेचाळिसावं आवर्तन. तीन-दोन-एक. लाल गाडी निम्मी निळी झाली आणि तशीच राहिली. आवाज बंद. पडदा गोठलेला.

मी किंचाळले. कपिलभैया धावत वर आला. काकांनी कंट्रोलर खाली ठेवला नाही, मानही हलवली नाही. म्हणाले, "लिहून घे आधी. ख प्रतीतही तोच पाठ. क्वचित."

निळा भाजला गेला नव्हता. म्हणजे खोट खेळात होती; निळा ती दडवत होता, हिरवा लगेच सांगत होता. कपिलभैयाने खालून चहा मागवला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला, कारण पास अहवाल आता देता येणार नव्हता.

काकांनी पत्राचा मसुदा इंग्रजीत सांगितला, मी टाइप केलं. बटणांचा क्रम, आवर्तनं, दोन्ही डब्यांची वजनं, गरम होण्याच्या जागा. आणि एक पूर्ण परिच्छेद: आमच्या चुकीमुळे हिरवं किट दोन दिवस कापडात गुंडाळलेलं चालू राहिलं, चूक माझी एकट्याची आहे, आणि किटला इजा झाली असण्याची शक्यता धरूनच हे वाचावं.

कपिलभैया हात जोडायच्या बेतात आला. "पंडितजी, ये क्यों? जब निळ्यावर भी हो गया! किट वापस माँग लेंगे। काम ही चला जाएगा।"

"पाठ द्यायचा तर पूर्ण द्यायचा," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मग मी ते केलं जे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी तो परिच्छेद वगळून छापलं. कपिलभैयाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि कागद फॅक्सच्या यंत्रात ठेवला. काका परत आले. त्यांनी तो उचलला, भिंग काढलं, आणि मसुदा डावीकडे, छापील कागद उजवीकडे ठेवून बोटाने एकेक शब्द ताडत गेले. पोथी ताडतात तसं. माझे कान तापले. शेवटापर्यंत जाऊन ते म्हणाले, "सहा ओळी गळल्यात. होतं असं. लिहिणाऱ्याला डुलकी लागते."

नुसतं एवढंच. रागावले असते तर मी भांडले असते. मी गुपचूप पुन्हा टाइप केलं आणि सगळा कागद पाठवला. लाज मात्र अजून वाटते.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार गेले. काका रोज यायचे, यंत्रं सोडायचे, बांधायचे. हिरव्याला त्यांनी परत पाठवायच्या खोक्यात ठेवलं होतं, पण खोकं चिकटवलं नव्हतं. सोमवारी फॅक्सच्या यंत्राने कागद बाहेर टाकायला सुरुवात केली आणि आम्ही तिघंही तिथे उभे राहिलो. कपिलभैयाने वाचला.

सिंगापूरच्या लोकांनी काकांचा क्रम त्यांच्याकडच्या हिरव्या किटांवर करून पाहिला होता. सगळीच्या सगळी तिसऱ्या आवर्तनाच्या आत गोठली. हिरवं किट बिघडलेलं नव्हतं. ते नव्या मांडणीचं होतं, आणि पुढच्या हंगामात दुकानात जाणारी सगळी राखाडी यंत्रं आतून तशीच असणार होती. खेळ तसाच छापला असता तर घराघरांत गोठला असता. छपाई थांबवली आहे. किट आमच्याकडेच राहू द्यावं. पुढचं वर्षभराचं काम आमचं. आणि शेवटची ओळ: कृपया यंत्र चालू असताना कापडात गुंडाळू नये.

"ठीक लिखा है," काका म्हणाले. "एकदम ठीक." आणि पंच्याने चष्मा पुसायला लागले. तो पुसून होईना.

दुरुस्त केलेली चकती आली त्या दिवशी काकांनी हिरव्यावर सकाळपासून घनपाठ केला. शंभर आवर्तनं. थांबला नाही. दुपारी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "अगं, हा खेळ असतो कसा?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. चार महिने या माणसाने हजारो वेळा गाडी सुरू केली होती, थांबवली होती, रंग बदलला होता, पण कधी चालवली नव्हती. मी त्यांना दाखवलं: हे दाबलं की पुढे, हे दाबलं की वळते, आणि सगळ्यांच्या आधी पोचायचं.

शर्यत सुटली. बाकी सात गाड्या झपकन गेल्या. काका कडेकडेने निघाले. वळणावर अजिबात दिसत नसलेल्या माणसासाठी त्यांनी वेग कमी केला. मागून फेरी मारून येणारी गाडी दिसली तर बाजूला झाले, "जाऊ दे त्याला, घाईत आहे." एकदा गवतात शिरले आणि तिथलं झाड बघत उभे राहिले. कपिलभैया ओरडत होता, "दबाइए पंडितजी, दबाइए!" मी त्यांच्या हातावर हात ठेवून वळवायला बघत होते आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हिरवा डबा शेजारी घुंघुं करत होता. काकांनी मध्येच एक हात काढून त्याच्यावर मधोमध ठेवला, आणि गाडी पुन्हा गवतात गेली.

शेवटी पोचले. आठ गाड्यांत आठवे. पडद्यावर मोठ्या अक्षरात तसं आलंही. काका उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले, आणि खिडकीकडे तोंड करून एवढ्या जोरात ओरडले की गच्चीवरची माकडं पळाली: "हर हर महादेव!"

खालून हलवायाने, कशाबद्दल म्हणून न विचारता, तसंच उत्तर दिलं. मग गोदामातल्या हमालांनी. मग पलीकडच्या गल्लीतून, मग घाटाच्या पायऱ्यांवरून, मग नदीतल्या एका नावेतून.